दिवसा लावलेला कंदील

मिकोलासाहेब जेवून उठला की चतकोर भाकरी त्याच्या कोटाच्या खिशात जायची. मला आधी वाटलं, परमुलखातला माणूस, पुन्हा मागायला लाजत असेल. म्हणून मी आणखी एक वाढली, तर तिचाही चतकोर खिशात. पुढं एकदा कोट धुवायला घेतला तेव्हा वाळून खडंग झालेले तुकडे निघाले आणि त्यांच्यामागं मुंग्यांची वरात. मी सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, "असू दे गं. कुणाला तपकिरीची डबी लागती, ह्याला भाकरी लागती."

तोंडावर आम्ही त्याला तुम्ही म्हणायचो, माघारी तो. आता माघारीच बोलतेय, म्हणून तोच म्हणते.

आमचं घर ढोकीला, स्टेशनापासून हाकेवर. सासरे ज्वारीचे आडते, गळ्यात लिंग, तोंडात शिव शिव आणि हातात कायम तराजूची दांडी. पण दुसऱ्या मोठ्या लढाईच्या त्या वर्षांत निजाम सरकारनं लेव्ही बसवली आणि तराजूला गंज चढला. शेतकऱ्यानं पिकवायचं, सरकार ठरवेल तेवढं आधी सरकारात घालायचं आणि उरलं तर खायचं. आमची स्वतःची जमीन होती, तिच्यावरही लेव्ही. गाववाले दबक्या आवाजात बोलायचे. अंगणात कुणाचा पाय वाजला तरी मी चुलीपुढून उठून दाराआडून बघायची.

अशात बार्शीच्या छोट्या गाडीतून हा गोरा माणूस उतरला. उंच, पाठीत वाकलेला, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. संगं लाकडी पेट्या आणि एक तीन पायांची तिवई. वर हैदराबादचा हुकूम, की ह्याची राहण्याजेवण्याची सोय करावी. गावात बैठकीची खोली मोकळी होती ती आमचीच. लेव्हीचा पिक्चर काढायला आला होता तो. शेतकरी हसत हसत ज्वारी आणून देतोय, हलगी वाजतेय, पोत्यांना हार घातलेत, असा पिक्चर सरकारला पाहिजे होता. हे ऐकून आमचे मालक म्हणाले, "हसायचं तेवढं राहिलं होतं. आता तेबी सरकारात घाला."

साहेबाला हैदराबादची बोली येत होती, म्हणजे हौ आणि नक्को एवढं पक्कं आणि बाकीचं ओबडधोबड. पण आपला मुलूख सांगायला त्याला बोली लागली नाही. पहिल्याच आठवड्यात तो शेतात गेला, काळ्या मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं, वास घेतला आणि किती तरी वेळ तसाच उभा राहिला. "मेरा युक्रेन," म्हणाला, "ऐसाच काला." सासऱ्यांना ते फार आवडलं. त्या दिवसापासून ते त्याला घरचा समजायला लागले. मी मात्र नाही. सरकारी हुकूम घेऊन आलेला माणूस घरातला कसा होईल? त्याच्यापुढं भाकरी ठेवली की मी घाबरून लगेच आत पळायची, खोटं कशाला सांगू.

तोही भेदरलेलाच होता म्हणा. बसायचा तो भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून. झोपायचा बूट घालून. कुणी कडी वाजवली की आधी कोट चढवायचा आणि मग दार उघडायचा, जशी काही त्याला न्यायलाच माणसं आली आहेत. एकदा गवळण दूध घेऊन आली, तर हा कोटाची बटणं लावून, टोपी घेऊन तिच्यापुढं हजर. ती बिचारी दूध सांडून पळाली.

आणि त्याचं ते 'दुबारा'. सासऱ्यांचा तराजूसंगं पिक्चर काढायचा होता. साहेब मुठीची नळी करून तिच्यातून सूर्याकडं बघणार, हँडल फिरवणार, मग मान हलवून म्हणणार, "दुबारा." सासऱ्यांनी माप पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. शेवटी ते वैतागले. "आरं बाबा, एवढ्या वेळात म्या बार्शीला जाऊन आलो असतो." साहेब म्हणाला, "बार्शी से आने का भी दुबारा." घरात तो शब्दच होऊन बसला. पिठलं अळणी झालं की मालक ताट सारून म्हणायचे, दुबारा.

कॅमेऱ्याची काच पुसत पुसत तो ओट्यावर बसायचा आणि तुकड्या तुकड्यानं सांगायचा. तरणा असताना कीव शहरात तो मुके पिक्चर काढायचा. घोडे पळवायचा, लोकांना हसवायचा, रस्त्यात लोक त्याला ओळखायचे. मग तिथल्या सरकारचे हुकूम यायला लागले. हे दाखव, ते दाखवू नको. एका साली हुकूम आला, भरलेल्या पोत्यांचा पिक्चर काढ. त्यानं काढला. खेड्यातून पोती आणवली, दिवसभर रचवली, बायांना गाणी म्हणायला लावली. त्यांना सांगितलं होतं, पिक्चर झाला की धान्य परत. परत काही गेलं नाही. घराघरातली गाडगी रिकामी झाली होती, जमिनीत पुरलेलं होतं तेही लोखंडी सळया खुपसून काढून नेलं. शहरात पिक्चरला टाळ्या पडल्या.

सासऱ्यांनी विचारलं, "आन ते गाव?"

"मेरी माँ का गाँव था," तो म्हणाला. "माँ ने पिक्चर नहीं देखा."

मी आत भाकऱ्या थापत होते. खिशातल्या तुकड्यांचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. पुढं त्यानं जरासा खरा पिक्चर काढला, तेव्हा सरकारनं त्याला धरून बर्फात नेऊन टाकलं. लढाई पेटल्यावर पोलंडच्या लोकांसंगं सुटला, इराणवरून बोटीनं इकडं आला आणि हैदराबादेत पुन्हा हँडल फिरवायला लागला. "नया देश," म्हणायचा, "पर हुकूम दुबारा."

आता पेवाचं सांगते. पेव म्हणजे जमिनीत विहिरीसारखं खोदलेलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं, आत ज्वारी. वरून फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणाचा सडा. आमचं पेव अंगणातच होतं आणि त्यातली ज्वारी लेव्हीत दाखवलेली नव्हती. वर्षाचं खाणं होतं ते, आणि बियाणं. सापडलं असतं तर ज्वारी जप्त आणि मालक धाराशिवच्या तुरुंगात. मी त्या जागेवरून चालतानासुद्धा पाय हलका टाकायची.

एक दिवस साहेब अंगणातून जाता जाता तिथंच थांबला. टाच आपटली. पुन्हा आपटली. मान वर करून माझ्याकडं बघितलं. तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "ताजा गोबर बोलता है. इधरच नक्को, पूरे आँगन में लगाव."

मी त्याच दुपारी सगळं अंगण सारवून काढलं. सासरे म्हणाले, "सण हाय का काय आज?" मी म्हटलं, "व्हय, वाचायचा सण."

त्यानंतर त्याच्यापासून लपवायचं काही उरलं नाही. ज्वारी काढायची वेळ आली तेव्हा तो शेजारी उभा होता. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत वाफ कोंडलेली असते, माणूस गेला तर वर येत नाही. म्हणून आधी मोकळं ठेवायचं आणि मग दोराला बांधून कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवला तर उतरायचं. कंदील खाली जाताना साहेब गुडघ्यावर बसून बघत राहिला. "हमारे गाँव में भी," म्हणाला. "पहले दिया, पीछे आदमी."

त्याच्या खाटेखाली लाल फडक्यात बांधलेला एक डबा असायचा. त्यात कोरी फिल्म. लढाईत फिल्म कुठं मिळायची? सरकार मोजून मापून द्यायचं. पण हा डबा त्याचा स्वतःचा होता, कुठून कुठून वाचवून आणलेला. "ये सरकार का नहीं," तो म्हणायचा. "बहुत पिक्चर बनाया, सब झूठा. ये एक सच्चा." काय काढणार तेही ठरलं होतं. येळवस जवळ आली होती, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं घरदार, सोयरेधायरे सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडतात आणि अंबील, भज्जी, उंडे असं बांधावर पोटभर जेवतात. हे सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा साहेबानं दोनदा विचारलं, "अपने खेत में? अपना अनाज? सब खाते?" सासरे म्हणाले, "वाटंनं जाणाऱ्यालाबी वढून बसवितो." साहेबाचे डोळे भरले. बस, तोच त्याचा पिक्चर.

येळवशीला थोडे दिवस राहिले असतील. पेव आदल्या दिवशी उघडून ठेवलं होतं. सकाळी कंदील तेवला, म्हणून मालक खाली उतरले. ढिगावर उभे राहिले की हात वर पोचेल इतकी ज्वारी आत शिल्लक होती. तेवढ्यात सासरे दारातून मागं फिरले. चेहरा राखेसारखा. "गिरदावर येतोय. माणसं घेऊन."

गिरदावर म्हणजे लेव्ही वसूल करणारा अंमलदार. घर चार पावलांवर राहिलं होतं त्याला. मालक खालून म्हणाले, "झाका. बोलू नका, झाका."

मी आणि सासऱ्यांनी फरशी सरकवली. वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. कंदील, दोर बांधलेला तसाच, मी उचलून स्वयंपाकघरात पळाले आणि दाराआड उभी राहिले.

गिरदावर आला, पाठीमागं सळया घेतलेली माणसं, आणि त्यांच्या मागं तिवई खांद्यावर घेतलेला आमचा साहेब. तो पहाटेच चावडीवर गेला होता. झडतीचाही पिक्चर काढ, असं गिरदावरानं त्याला सांगितलेलं. त्यासाठी गिरदावर मिशांना तेल लावून, इस्त्रीचा डगला चढवून आला होता. वाईट बोलला नाही. म्हणाला, "आडते, कुणीतरी कळवलंय की तुमच्यात पेव हाय. नसलं तर बरंच हाय. मलाबी वर जाब द्यावा लागतो."

साहेबानं अंगणावर नजर टाकली. काल नसलेला कडबा त्याला दिसला. मी बघत होते. एक शब्द न बोलता तो सरळ तिकडं गेला, पेंढ्या पायानं सारख्या केल्या आणि त्यांच्यावरच तिवई रोवली. "यहाँ से अच्छा दिखता. मेरे पीछे कोई नक्को." पेट्याही तिथंच मांडल्या. आता त्या जागेवर सळई घेऊन कोण येणार?

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडला नाही. साहेब आमची ज्वारी वाचवत होता, पण ज्वारीसंगं खाली माणूस आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, जितका वेळ काढू तितकं बरं. गिरदावर दारातून आत आला. "दुबारा." पुन्हा आला. मिशीवर हात फिरवला. "दुबारा." सळया गोठ्यात वाजल्या, परसात वाजल्या. "दुबारा." आणि खाली वाफ भरत होती. सासरे खांबाला धरून उभे, ओठ हलताहेत, आवाज नाही. ओरडावं तर मालक तुरुंगात. न ओरडावं तर? मला पुढचा विचारच करवेना. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

हातात कंदील तसाच होता. मी काडी ओढली. वात वर केली. पदर तोंडावर घेतला आणि डोक्यावर ऊन असताना, परक्या पुरुषांपुढून, पेटता कंदील घेऊन अंगणात गेले. साहेबाच्या तिवईपाशी ठेवला. दोराचं वेटोळं त्याच्या बुटावर टाकलं आणि परत फिरले.

गिरदावर म्हणाला, "दिवसा कंदील कशाला, आडते?"

सासऱ्यांना वाचा फुटली. "सोमवार हाय साहेब. म्हादेवाचा दिवा. घरातला नेम हाय." वार बुधवार होता. महादेवानं ते पोटात घातलं आणि गिरदावराच्या ध्यानात आलं नाही.

साहेब कंदिलाकडं बघत होता. मग दोराकडं. मग दाराआड माझ्याकडं. त्याचा हात हँडलवरून खाली आला. कडब्यावरून तो असा उतरला, जसा पायाखाली विस्तव आहे. पण आवाज? आवाज अगदी बाजारातल्या बागवानाचा. "गिरदावरसाहब, यहाँ आप छोटे दिखते. घोडे पे बडे दिखेंगे. स्टेशन का रास्ता, सब आदमी पीछे. जल्दी, रोशनी जाती."

सूर्य डोक्यावर होता. पण पिक्चरवाल्याशी वाद कोण घालणार? गिरदावर जरा घुटमळला. "झडती राहिलीय. दोघंजण हितं ठेवतो."

"पीछे फौज नहीं तो अकेला घोडा," साहेब म्हणाला, "शादी का दूल्हा दिखता."

माणसं तोंड दाबून हसली. गिरदावर लाल झाला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडला. साहेब खोलीत गेला. सरकारी फिल्म त्या दुबाऱ्यांत संपली होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत लाल फडकं होतं. तिवई खांद्यावर घेऊन, माझ्याकडं न बघता, जवळजवळ पळतच तो गेला.

आम्ही पेंढ्या उधळल्या, फरशी ओढली. मालक ढिगावर उभे राहून फटीला तोंड लावून होते. हवा लागताच मान टाकली. सासऱ्यांनी बगलेत हात घालून वर ओढलं. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, घोंगडीनं वारा घातला. मी त्यांना नावानं हाक मारली, जन्मात एकदाच. डोळे उघडायला लई वेळ लागला. उघडल्यावर म्हणाले, "तो दुबारा म्हणत व्हता, म्या ऐकत व्हतो." पुढं आमच्या घरात पिठलं अळणी झालं तरी तो शब्द कुणी काढला नाही.

दिवस मावळायला साहेब परत आला. धुळीनं माखलेला. लाल फडकं मोकळं, खांद्यावर टाकलेलं. स्टेशनच्या रस्त्यावर गिरदावराला घोड्यावर बसवून त्यानं इतकं पळवलं होतं, की घोडाही फेसाळला आणि गिरदावरही. झडतीचं त्राण कुणाला उरलं नव्हतं. दारातच थांबून त्यानं विचारलं, "दिया?"

मी ओट्याकडं बोट केलं. कंदील तेवत होता. शेजारी मालक घोंगडी पांघरून बसले होते, हातात गरम पाण्याची वाटी.

साहेब होता तिथंच जमिनीवर बसला आणि रडला. एवढा बाप्या माणूस असा आवाज काढून रडताना मी पहिल्यांदा बघितला. "मैं ऊपर खडा था," म्हणत होता. "फिर से मैं ऊपर खडा था." मालक उठले, डुगडुगत त्याच्याजवळ गेले आणि हातातली वाटी त्याला दिली.

येळवशीला तो शेतात आला. कॅमेरा घेऊन. सासऱ्यांनी कोरा फेटा बांधला होता, मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते, पोरंटोरं तेल लावून चापूनचोपून बसली होती. डबा रिकामा आहे हे मला एकटीला माहीत होतं. त्यानं तिवई रोवली, मुठीतून सूर्य बघितला, कोपी, अंबिलीचं गाडगं, पंगत, सगळं काचेतून सावकाश बघितलं. हँडलला हात लावला नाही. मग कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलं आणि पंगतीत मालकांच्या शेजारी येऊन बसला.

सासरे म्हणाले, "साहेब, पिक्चर?"

"हो गया," तो म्हणाला. "खाना दो."

अंबील प्याला, भज्जी खाल्ली, उंडे खाल्ले. बोटं चाटली. मी त्याच्या हाताकडंच बघत होते. खिशाकडं काही गेलं नाही.

हैदराबादेत तो लेव्हीचा पिक्चर सरकारनं बघितला. हसऱ्या शेतकऱ्यांच्या जागी गिरदावर घोड्यावर बसून येतोय, जातोय, पुन्हा येतोय. साहेबाला तातडीचं बोलावणं आलं. ह्या वेळी कडी वाजली तेव्हा कोट त्याच्या अंगावर नव्हता. सदऱ्यावरच दार उघडलं आणि मग सावकाश पेट्या बांधायला लागला. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

स्टेशनवर आम्ही तिघंही गेलो होतो. मी भाकऱ्या आणि शेंगादाण्याची चटणी बांधून दिली. त्यानं ती घेतली आणि जरा ओशाळून माझ्याकडं कंदील मागितला. तोच, दोर बांधलेला.

मालक म्हणाले, "घ्या की. पर गाडीत कशाला?"

"जहाँ जाता हूँ," तो म्हणाला, "पहले इसको छोडूँगा. पीछे मैं."

मी धावत घरी गेले आणि घेऊन आले. तेल भरून आणलं. गाडी सुटली. बार्शीची गाडी ती, बैलगाडीसंगं शर्यत लावणारी. खिडकीत साहेबाचा सोललेल्या नाकाचा चेहरा होता, भाकरीचा घास तोंडात होता. मग त्यानं खाली वाकून काडी ओढली. लख्ख दुपार होती. डब्यातली माणसं त्याला हसत असतील. त्यानं कंदील खिडकीत धरला, आमच्या बाजूला, वारं लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून. मालक माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. गाडी वळणाला लागेपर्यंत मी बघत राहिले. तोवर तरी दिवा विझला नव्हता.